रामलिंगरावांची तेलाची काच

माझं बंदुकीचं दुकान आहे म्हटलं की समोरचा माणूस आधी माझ्या चष्म्याकडे बघतो, मग साडीकडे, आणि मग विचारतो, "म्हणजे मालक कोण?" मालक मीच. नांदेडातलं हे दुकान माझ्या सासऱ्यांनी काढलं, माझ्या नवऱ्याने, रेणुकादासांनी, चालवलं, आणि ते गेल्यावर परवाना माझ्या नावावर करून घ्यायला मी दोन वर्षं कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. त्याआधी मी शाळेत भूगोल शिकवत होते. त्यामुळे गिऱ्हाइकावर ओरडायचं कसं हे मला वेगळं शिकावं लागलं नाही.

पण हे माझ्याबद्दल नाही. हे आमच्या दुकानात अकरा वर्षं बसलेल्या रामलिंगरावांबद्दल आहे. त्यांच्याविषयी नायगावकडे आजही वाईट बोललं जातं आणि ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो, म्हणून लिहिते आहे. यातल्या एका कुटुंबाची नावं आणि त्यांचं गाव मी बदललं आहे. का बदललं, ते शेवटपर्यंत वाचलं तर कळेल.

रामलिंगराव औशाजवळच्या एका खेड्यातले. पोलिसात आर्मरर होते, म्हणजे पोलिसांच्या बंदुका खोलून, पुसून, दुरुस्त करून ठेवणारा माणूस. बत्तीस वर्षं त्यांनी शस्त्रागाराच्या त्या खिडकीला जाळी असलेल्या खोलीत काढली. निवृत्त झाल्यावर चार महिने गावी बसले, शेतात काय करावं ते सुचेना, आणि एक दिवस माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. "बाईसाहेब, काम द्या. घरी बसून हात आखडून राहिले," म्हणाले. ठेंगणे, काळेसावळे, कानात केस, पांढरा शर्ट कायम इस्त्रीचा. विष्णुपुरीच्या रस्त्याला एक खोली घेऊन एकटे राहायचे. बायको, महामाया, फार पूर्वी वारली होती. मूलबाळ नव्हतं. तिच्याबद्दल त्यांनी मला अकरा वर्षांत एकदाच सांगितलं, ते पुढे येईल.

आमच्याकडे पूर्वी शेतकऱ्यांच्या बारा बोअरच्या बंदुका यायच्या आणि बँकेच्या वॉचमनच्या. आता छोटी पिस्तुलं येतात. खंडणीचे फोन येऊ लागल्यापासून व्यापारी, कंत्राटदार, डॉक्टर, सगळ्यांना कमरेला काहीतरी हवं असतं. मोठ्या हौसेने घेतात आणि मग विचारतात, "याला तेल कोणतं घालायचं?" जणू काही शिवणयंत्र घेतलंय.

हा प्रश्न आला की रामलिंगराव खुर्ची पुढे ओढायचे. औषध द्यायच्या आधी डॉक्टर विचारतो तसे त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे. कुठं ठेवता, कमरेला का गाडीत? शर्टाच्या आत का बाहेर? घाम लई येतो का? गाडी उन्हात उभी करता का? रस्ता डांबरी का फुफाट्याचा? गिऱ्हाईक वैतागायचं. पण त्यांचं म्हणणं असं की मोठी बंदूक चार चुका पोटात घालते, छोटं पिस्तूल एकही घालत नाही. त्याच्या फटी बारीक, स्प्रिंगा बारीक. तेल जास्त झालं की त्याला शर्टाचा कापूस चिकटतो, कमी झालं की घामाने गंज चढतो. पातळ तेल आमच्याकडच्या मे महिन्यात उडून जातं, आणि घट्ट तेल डिसेंबरात जागेवर बसून राहतं.

"तेल म्हंजे थेंब," ते म्हणायचे. "दुसरा थेंब घातला की झाली घाण."

दुकानाच्या भिंतीला त्यांनी एक काच लावली होती, खिडकीच्या तावदानाएवढी, जराशी तिरकी. तिच्यावर वरच्या कडेला निरनिराळ्या तेलांचे थेंब सोडलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी: मशिनचं, बंदुकीचं पातळ, बंदुकीचं जाड, खोबरेल, मोटारीचं. सकाळी दोन तास त्या काचेवर ऊन यायचं. कोणता थेंब किती ओघळला, कोणता उडाला, कोणता घट्ट झाला, हे ते दर सोमवारी चष्मा कपाळावर सरकवून बघायचे आणि वहीत लिहायचे. मी सुरुवातीला हसले. नंतर मीही दर सोमवारी जाऊन बघायला लागले.

त्या काचेवर करडईच्या तेलाचाही एक थेंब होता, आणि तो शेषेरावांच्या घरचा होता.

शेषेराव नायगावकडचे. थोडी शेती आणि बी-बियाणांचं, खताचं दुकान. गडी उंच, बोलका, हसला की आमच्या काचेच्या कपाटातली काडतुसं थरथरायची. त्यांना वर्षभर धमक्यांचे फोन आले, मग परवाना मिळाला, मग त्यांनी बत्तीस बोअरचं छोटं पिस्तूल घेतलं. रामलिंगरावांनी त्यांना सगळे प्रश्न विचारले आणि बंदुकीचं मधल्या जाडीचं तेल निवडून दिलं. दोन्ही बाजूंच्या सरकत्या खाचांना एकेक थेंब, मग फडक्याने पुसून काढायचं, एवढंच. पिस्तुलाच्या मागच्या बाजूला बोट ठेवून म्हणाले, "शेषेराव, इथं आत पिन हाय. घोडा पडला की हीच पुढं जाऊन गोळीला टोचती. ह्या भोकात काय बी घालायचं न्हाई. कोरडं ठेवायचं. बाकी चुकलं तर चालंल."

शेषेरावांनी मान डोलावली आणि पिशवीतून करडईच्या तेलाचा डबा काढला. घरच्या करडईचं, घाण्यावर काढलेलं. "आमच्या कस्तुरानं दिलंय तुमाला. ह्ये लावलं तर न्हाई का चालायचं?"

"ह्ये भाकरीसंगं चालंल," रामलिंगराव म्हणाले, आणि बोट बुडवून एक थेंब काचेवर लावला. खाली चिठ्ठी डकवली: करडई, नायगाव. दोन महिन्यांनी शेषेराव आले तेव्हा त्यांचं बोट धरून त्या थेंबाला लावलं. बोट चिकटलं. दाराला लावलेलं वार्निश अर्धवट वाळावं तसा तो थेंब झाला होता. शेषेराव खो खो हसले. त्यानंतर दरवर्षी कस्तुराबाईंचा डबा यायचा, रामलिंगराव त्यावर वर्षभर स्वयंपाक करायचे, आणि सहा महिन्यांतून एकदा, दिवाळीच्या आधी आणि होळीच्या नंतर, शेषेरावांचं पिस्तूल खोलून साफ व्हायचं. असं चार वर्षं चाललं.

आपल्याकडच्या पुरुषांचं एक मला कधी समजलं नाही. दुकानात ऐकलेली गोष्ट ते चहाच्या टपरीवर दहा जणांना सांगतील, पण घरी बायकोला सांगणार नाहीत. करडईची गंमत शेषेरावांनी अख्ख्या नायगावात सांगितली असेल. कस्तुराबाईंना सांगायचं तेवढं राहिलं.

त्या वर्षी दसरा झाला आणि दोन-तीन दिवसांत निवडणुकीची आचारसंहिता लागली. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. शेषेरावांनीही केलं. त्यामुळे दिवाळीआधीची सफाई झाली नाही. पिस्तूल दीड-दोन महिने ठाण्याच्या पेटीत पडून राहिलं, थंडी पडल्यावर परत मिळालं.

जानेवारीत ते दुकानात आले. घाईत होते, लग्नाच्या खरेदीला माणसं गाडीत बसलेली. रामलिंगरावांनी विचारलं, "आणलंय का? उघडून बघू."

"घरी ऱ्हायलं. तेल संपलंय, बाटली तेवढी द्या."

रामलिंगराव बाटली हातात धरून उभे राहिले. "बघितल्याबिगर देऊ व्हय?"

आणि मी, दुसरं गिऱ्हाईक ताटकळत होतं म्हणून, म्हणाले, "अहो द्या ना रामलिंगराव, एवढं काय त्यात!" त्यांनी दिली. "होळीच्या आधीच घेऊन या," एवढं बजावलं. हे माझं वाक्य मला आजही झोपताना आठवतं.

फेब्रुवारीत, दिवस मावळायच्या सुमाराला, नायगावच्या अलीकडे शेषेरावांच्या गाडीला दोघांनी मोटारसायकल आडवी घातली. शेषेरावांनी पिस्तूल काढलं. चाप ओढला. पुन्हा ओढला. त्या दोघांनी सुऱ्यांनी वार केले. दवाखान्यात ते दीड दिवस जगले आणि कस्तुराबाईंना एकच वाक्य दोनतीनदा म्हणाले, "चाललंच न्हाई गं."

बातमी कळली तेव्हा रामलिंगराव दुसऱ्या कुणाचं पिस्तूल जुळवत होते. त्यांनी ते तसंच अर्धवट फडक्यावर ठेवलं, नळावर जाऊन हात धुतले, आणि खूप वेळ धूतच राहिले. मी नळ बंद केला.

पिस्तूल पोलिसांनी जप्त केलं, मग ते तपासणीला गेलं, मग कोर्टात. मधल्या काळात रामलिंगराव दुकानात येत होते, पण त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं होतं. गिऱ्हाईक म्हणेल ते तेल द्यायचे. काचेकडे बघायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, "बाईसाहेब, मी त्या टायमाला बाटली हातातून सोडाय न्हवती पायजे." मी म्हणाले, "मीच म्हटलं द्या म्हणून." त्यांनी मला तेव्हा दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

दहा महिन्यांनी कोर्टाच्या हुकुमाने पिस्तूल आमच्याकडे ठेवीला आलं. परवानेदार वारला की हत्यार घरात ठेवता येत नाही, दुकानात जमा करतात. सोबतच्या कागदावर इंग्रजीत लिहिलं होतं की हत्यार चालू स्थितीत आहे, मात्र न उडालेल्या काडतुसावर पिनीची खूण फार हलकी उमटली आहे. एवढंच.

रामलिंगरावांनी दिव्याखाली ते उघडलं. वरची सरकती स्लाइड निघाली, स्प्रिंग निघाली. पिन निघेना. बारीक पकडीने हळू ओढली तेव्हा ती चिकटून, कुरकुरत बाहेर आली. तिच्या अंगावर तांबूस पिवळं, गुळाच्या पाकासारखं काहीतरी बसलं होतं. रामलिंगरावांनी ते नखाने खरवडलं, नाकाजवळ नेलं, आणि डोळे मिटले.

"करडई," म्हणाले. मग पिन माझ्यासमोर धरली. "आन ह्ये तांबडं बगा. कुंकू हाय."

मला क्षणात सगळं कळलं. खंडेनवमी. आमच्या इकडे खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घरातल्या लोखंडाची पूजा होते. विळा, खुरपं, कुऱ्हाड, कोयता, ट्रॅक्टरची चावी, सगळं ताटात येतं, हळदीकुंकू लागतं, आणि शेतकऱ्याच्या घरात लोखंडाला तेल पाजतात. वर्षभर गंजू नये म्हणून. नायगावकडच्या घरात घरचंच तेल असणार, आणि त्या वर्षी दिवाळीआधीची सफाई झाली नव्हती.

ठेवीच्या कागदावर वारसाची सही लागते, म्हणून दुसऱ्या आठवड्यात कस्तुराबाई आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. पन्नाशीच्या, रोडावलेल्या, कपाळ मोकळं. त्या बाकावर बसल्या. मी पाणी आणायला आत गेले. परत आले तेव्हा भिंतीवरची काच जागेवर नव्हती. रामलिंगरावांनी ती उतरवून टेबलावर पालथी घातली होती आणि तिच्यावर आपला हात ठेवून ते उभे होते.

सही झाली. कस्तुराबाई उठल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "भाऊ, एक इच्यारू? खरं सांगचाल?"

"इच्यारा वैनी."

"त्या खंडेनवमीला त्यांनी गोळ्या काढून पिस्तूल पयल्यांदाच ताटात ठेवलं आन न्हायाला गेले. म्या इळ्याला तेल पाजलं, खुरप्याला पाजलं, तसंच त्यालाबी पाजलं. मागल्या अंगानं भोक हाय, त्यात बोटानं सोडलं. म्हणलं, त्यांच्या जिवाचं हाय, कोरडं ऱ्हाऊ नये." त्यांनी पदराचं टोक सोडलं. "त्यानंच तर न्हाई ना झालं? समद्या वरसाची झोप उडालीया माझी. पोरींना सांगता येईना, कुनाला सांगता येईना. तुमी उघडून बघितलंय. तुमीच सांगा."

मी रामलिंगरावांकडे बघितलं. त्यांचा हात काचेवर तसाच होता. मला वाटलं, आता ते म्हणतील, हो वैनी, तसंच झालं, पण तुम्हाला काय माहीत. कोणीही हेच म्हणालं असतं. मीही हेच म्हणाले असते, आणि वर दोन समजुतीची वाक्यं जोडली असती.

"न्हाई," रामलिंगराव म्हणाले. "तुमचं तेल आत गेलंच न्हाई. ते तवाच पुसून निघालं. जानेवारीत मी जी बाटली दिली ना, ती चुकीची दिली. घट्ट तेलाची. आन पिस्तूल बघायाचं सोडून तशीच दिली. थंडीत ते बसलं पिनीवर. चूक माझी हाय वैनी. तुमची कायबी न्हाई."

मला वाटलं, कस्तुराबाई रडतील. त्या उठल्या आणि टेबलाजवळ आल्या.

"चार वर्सं तेल पाठवलं तुमाला. घरचं म्हणून खाल्लंत," त्या हळू म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज चढला. "माझं घर बुडवलं तुमी. बत्तीस वर्सं काय केलं पोलिसात? तुमाला तेल कळंना? तुमच्या हाताला किडं पडतील!"

रामलिंगराव मान खाली घालून उभे राहिले. रस्त्यावरची माणसं दाराशी जमली. कस्तुराबाई बोलत राहिल्या, जे तोंडाला येईल ते, आणि शेवटी दमून गेल्या. जाताना त्यांची पावलं मात्र येतानाच्या मानाने हलकी पडत होती. हे मी पाहिलं. त्या वेळी मला त्याचा रागच आला.

दार लावून मी रामलिंगरावांवर तुटून पडले. "खोटं का बोललात? तुमचं नाव गेलं, माझ्या दुकानाचं गेलं. त्या बाईला खरं सांगून समजूत घालता आली असती."

त्यांनी काच उलटी केली. दाढीचं पातं घेऊन करडईचा थेंब खरवडायला बसले. तो निघता निघेना.

"समजूत घालून कुनाची समजूत पटती का, बाईसाहेब?" ते म्हणाले. "महामायाच्या छातीत दुखाय लागलं तवा मी म्हणलं, पित्त हाय, सोडा पी. आन डूटीवर गेलो. समद्यांनी सांगितलं, रामलिंग, तुला काय ठाऊक. डॉक्टरनं सांगितलं. सासूनं सांगितलं. बावीस वर्सं झाली, त्यो सोड्याचा गलास अजून माझ्या हातात हाय." पातं बाजूला ठेवून त्यांनी डोळे पुसले. "तिला अजून लई दिवस काढायचेत. माझं काय ऱ्हायलंय? एका हातात त्यो हायच, दुसऱ्यात ह्ये घेतो."



नायगावकडे गोष्ट पसरली. रामलिंगने चुकीचं तेल दिलं आणि माणूस मेला. लोक दुकानात येऊन त्यांच्या खुर्चीकडे बघत आणि मला विचारत, "दुसरा कोणी आहे का बघायला?" पोलिसातले त्यांचे जुने सोबतीही यायचे बंद झाले. ज्या माणसाने बत्तीस वर्षं दुसरा थेंब कधी घातला नाही, त्याच्या हाताला आता कुणी आपलं हत्यार देईना. दोन महिन्यांनी त्यांनी खोली सोडली आणि औशाला पुतण्याकडे गेले. भादव्यात वारले. मी लातूरला गाडी बदलून औशाला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. पुतण्याने त्यांची पेटी दाखवली. तीन इस्त्रीचे शर्ट, तेलाच्या नोंदींच्या वह्या आणि महामायाबाईंचा एक फोटो.

मी त्यांचा पोलिसातला फोटो मोठा करून आणला आणि दुकानात काचेशेजारी लावला. काच मी परत टांगली होती. करडईच्या जागी नुसती चिठ्ठी उरली होती, तीही मी काढून टाकली.

या वर्षी दसऱ्यानंतर कस्तुराबाई पुन्हा आल्या. पिस्तूल विकायची परवानगी मिळाली होती, त्या कागदांवर सह्या करायच्या होत्या. तब्येत सुधारली होती. नातवंडाचं बारसं झालं म्हणून पेढे आणले होते. मी सहज विचारलं, सण कसा झाला.

"झाला की. औंदा पोरीला संगं घेऊन समद्या लोखंडाला तेल पाजलं," त्या म्हणाल्या. "गेल्या साली हात धजला न्हवता. औंदा म्हणलं, आपलं काय चुकलंय?"

मग त्यांची नजर भिंतीवर गेली. चेहरा दगडासारखा झाला.

"त्या मानसाचा फोटू हितं कशाला लावलाय बाई? माझ्या मालकाचा जीव घेतला त्यानं. काढा त्यो."

शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. अकरा वर्षं जो माणूस माझ्या डोळ्यांसमोर काम करत होता त्याच्यासाठी मला त्या बाईला खांदे धरून गदागदा हलवायचं होतं. पण त्यांच्या हातातला पेढ्यांचा पुडा मला दिसत होता.

मी स्टूल ओढलं, वर चढले, आणि रामलिंगरावांचा फोटो खाली उतरवला.